गाठी किती धरायच्या, हे पानं ठरवतात

चिखली, मेहकर, लोणारच्या काळ्या रानात पेरणीला महिना उलटला, की सोयाबीनचं एखादं झाड मातीसकट हलक्या हातानं उपटून पाहावं. मुळांवर बारीक गाठी दिसतात. गाठ नखानं फोडल्यावर आतून गुलाबी-लाल निघाली, तर तिचं काम चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. गाठीतले ब्रॅडीरायझोबियम जीवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. बदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं.

ही साखर झाडाच्या वाढीतूनच वजा होते. त्यामुळे गाठी किती धरायच्या याला मर्यादा हवी, आणि ती पानं घालतात. पहिल्या गाठी धरू लागल्या, की मुळांकडून छोट्या पेप्टाइडांचा निरोप वर जातो. पानांतलं एक प्रथिन तो ओळखतं आणि ‘आता पुरे’ असा उलट निरोप खाली येतो. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ही व्यवस्था बिघडलेली सोयाबीनची झाडं जगापुढे आणली. मातीत भरपूर नायट्रेट असूनही त्यांच्या मुळांवर गाठींची गर्दी होती, वाढ मात्र खुंटलेली. त्यामागचं जनुक २००३ मध्ये सापडलं.

निरोगी झाडाला मातीत आयता नत्र मिळाला, तर ते गाठी धरण्यात हात आखडता घेतं.

सोयाबीनला नत्राची शिफारस हेक्टरी ३० किलोच्या आसपास, तीही पेरणीसोबत. युरियात ४६ टक्के नत्र असतो. पीक हिरवंगार दिसावं म्हणून एकरी ४५ किलोची एक गोणी वरून फेकली, की हेक्टरी ५० किलोंहून अधिक नत्र पडतो. गाठींचं काम मंदावतं, झाड माजतं आणि लोळण्याची भीती वाढते.

मलकापूर-नांदुऱ्याकडच्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, गाठींची सोय नाही. तिच्या मुळांना नायट्रेट मिळालं, की सायटोकायनिन हे संप्रेरक वर जातं आणि शेंडा जोर धरतो. नत्र जास्त झाला तर पाला माजतो, बोंडं धरणं लांबतं, तुडतुडे आणि मावा वाढतात. म्हणून कपाशीला नत्र हप्त्यांनी देतात.

सोयाबीनच्या गाठींची तयारी मात्र पेरणीआधीच करावी लागते. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग दहा किलोला २५० ग्रॅम रायझोबियम, म्हणजे गाठीतल्या जीवाणूंचं खत, चोळून ते सावलीत सुकवतात आणि लगेच पेरतात. उन्हात हे जीवाणू मरतात.