शेरूचे आजारपण आणि घरातल्या पाच जणांची शिस्त

घरात माणूस आजारी पडले की धावपळ होते, पण कोणाला विचारायचे हे तरी ठाऊक असते. घरातला कुत्रा आजारी पडला आणि त्या आजाराचे नावही आपण कधी ऐकलेले नसले, म्हणजे काय अवस्था होते, याचा अनुभव आमच्या कुटुंबाने २०२३ साली घेतला. तो कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

शेरू आमच्या नागपूरच्या घरी आला तो २०२१ साली. माझे मेहुणे सैन्यात आहेत. गुवाहाटीहून बदली झाली तेव्हा तिथे पाळलेला हा दोन वर्षांचा कुत्रा ते आमच्याकडे घेऊन आले. "ताई, याला तिथे टाकून यायला मन होईना," एवढेच ते आपल्या बहिणीला म्हणाले. महिनाभरात शेरू घरचाच झाला. आमचा धाकटा रोज संध्याकाळी त्याला मैदानावर पळवायचा. दोघेही धापा टाकत परत यायचे आणि एकाच वेळी पाणी प्यायचे.

२०२३ च्या दिवाळीच्या सुमारास शेरूला खोकला लागला. हाड अडकले असेल, थंडी बाधली असेल, असे आम्ही म्हणत राहिलो. आईने हळद दिली. एका डॉक्टरांनी खोकल्याचे औषध दिले, त्यात महिना गेला. मग एके दिवशी अर्ध्या मैदानातच तो खाली बसला आणि उठेना. धाकट्याने त्याला उचलून घरी आणले. पोटाला लागलेल्या फासळ्या तेव्हा आमच्या नजरेस पडल्या.

दुसऱ्या डॉक्टरांनी रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बघायला सांगितले. त्या थेंबात दोऱ्याच्या बारीक तुकड्यांसारखे काहीतरी वळवळत होते. ते म्हणाले, "एवढ्यावर निदान करायचे नाही. कुत्र्याच्या रक्तात अशी पिल्ले सोडणारे जंत एकाहून अधिक जातींचे असतात. एक जात नुसती कातडीखाली राहते, ती एवढी घातक नाही." म्हणून पट्टीवरची अँटिजेन चाचणी झाली, छातीचा एक्स-रे झाला, हृदयाची सोनोग्राफी झाली. निदान पक्के झाले. हार्टवर्म, म्हणजे हृदयातले जंत.

हा रोग होतो कसा

विदर्भातल्या माणसाला हत्तीरोग समजावून सांगायला नको. रात्री रक्त तपासायला येणारे कर्मचारी आणि दरवर्षी वाटल्या जाणाऱ्या गोळ्या आपण पाहिलेल्या आहेत. हार्टवर्म हा त्याच कुळातला, पण वेगळा जंत. त्याचे घर कुत्र्याच्या शरीरात. रोगी कुत्र्याला चावलेला डास रक्ताबरोबर जंताची पिल्ले घेतो. उष्ण हवेत दहा ते चौदा दिवसांत ती डासाच्या अंगात वाढतात आणि तो डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की त्याच्या शरीरात उतरतात. पुढे सहा-सात महिन्यांत ती पूर्ण वाढतात आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत व हृदयाच्या उजव्या बाजूला मुक्काम करतात. मादी तीस सेंटिमीटरपर्यंत लांब होते, नर त्याच्या निम्मा. दिसायला शेवयांसारखे. असे जंत पाच ते सात वर्षे जगतात.

म्हणजे लागण झाल्यापासून पहिले सहा महिने चाचणीत काही दिसत नाही, आणि खोकला सुरू होतो तेव्हा रोग जुना झालेला असतो. आपल्या देशात ईशान्येकडच्या राज्यांत हा जंत पूर्वीपासून आढळतो. शेरू तिकडूनच तो घेऊन आला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले.

हे सर्व मी घरी येऊन सांगत होतो. धाकटा कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "बाबा, मी त्याला रोज पळवलं म्हणून झालं का?" तो दोन दिवस धड जेवला नव्हता, त्याचे कारण तेव्हा कळले. मी त्याला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले. माझ्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसणार नव्हता. डॉक्टरांनी त्याला खुर्चीवर बसवून, कागदावर डास आणि हृदय काढून सगळे समजावले. शेवटी म्हणाले, "पळवल्याने जंत होत नाहीत. पण आता पळवलेस तर मात्र जिवावर बेतेल. त्याला बरे करायचे काम तुझे आहे." घरात लहान मुले असतील तर त्यांच्यापासून आजार लपवू नये. न सांगितलेल्या गोष्टींचा दोष मुले स्वतःकडे घेतात.

हात लावू नका, म्हणणारे

बातमी गल्लीत पसरली. कुत्र्याला हात लावला तर पोरांना हत्तीरोग होईल, त्याला गावाबाहेर सोडून या, असे निरोप येऊ लागले. हात लावू नका, हे शब्द आपल्या घरात सहन होत नाहीत. तरीही रागावण्याऐवजी मी दारोदार जाऊन डॉक्टरांनी सांगितले ते सांगितले. हा रोग स्पर्शाने, चाटण्याने, उष्ट्याने पसरत नाही. डासामार्फत माणसाच्या अंगात तो जंत क्वचित गेलाच, तर सहसा वाढ पुरी होण्याआधीच मरतो. फुप्फुसात एखादी गाठ सापडल्याची उदाहरणे आहेत, पण हत्तीरोग याने होत नाही. दोष डासाचा आहे. म्हणून उन्हाळा संपल्यावर पाणी साचलेले कूलर आधी रिकामे करा, टाकी घासून कोरडी ठेवा. त्या रविवारी गल्लीतले सात कूलर रिकामे झाले, त्यात पहिला आमचा होता.

एका शेजारणीने मात्र प्रेमाने घरात उरलेल्या हत्तीरोगाच्या गोळ्या आणून दिल्या. जंत तेच, मग औषधही तेच, असा साधा हिशेब. बरे झाले की आम्ही आधी विचारले. ज्या कुत्र्याच्या रक्तात जंताची पिल्ले आहेत त्याला डीईसीची गोळी दिली तर जोराची प्रतिक्रिया येऊन तो दगावू शकतो. गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने टोचणेही तितकेच धोक्याचे. औषध चांगले असले तरी मात्रा आणि वेळ डॉक्टरांनीच ठरवायची.

खर्चाचा हिशेब आणि औषध

निदानानंतरच्या रविवारी आम्ही पाचही जण वही घेऊन बसलो. चाचण्यांचे झालेले पैसे, औषधांचे महिन्याचे पैसे, सहा महिन्यांनी परत चाचणी. आई म्हणाली, "कुत्र्यावर एवढा खर्च?" प्रश्न चुकीचा नव्हता. मोठ्या मुलीच्या शिकवणीची फी तोंडावर होती. फीला हात लावायचा नाही आणि नवा कपाटाचा बेत वर्षभर पुढे ढकलायचा, असे ठरले. डॉक्टरांनाही आमची ऐपत स्पष्ट सांगितली. त्यात लाज नाही. त्यांनी तातडीचे काय आणि थांबू शकणारे काय, ते वेगळे करून दिले.

मोठे जंत मारण्यासाठी परदेशात मेलार्सोमिन नावाची आर्सेनिकयुक्त इंजेक्शने कमरेच्या स्नायूत देतात. ते औषध आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. म्हणून दुसरा, लांबचा मार्ग धरला. चार आठवडे दोन वेळा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि दर महिन्याला मानेच्या कातडीवर टाकायचे मॉक्सिडेक्टिनचे थेंब. या जंतांच्या शरीरात एक जिवाणू असतो आणि त्याच्या आधारावर ते जगतात. गोळ्या तो जिवाणू मारतात, थेंब नवी पिल्ले मारतात आणि मोठे जंत हळूहळू खंगतात. वर्ष लागेल, जास्तही लागेल, तोवर फुप्फुसाचे नुकसान थोडे चालूच राहील, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले.

रिकाम्या पोटी गोळी दिली की शेरू ओकायचा. खर्चाबद्दल विचारणारी आमची आईच मग सकाळ-संध्याकाळ भाकरीच्या काल्यात गोळी लपवून त्याला भरवू लागली.

सर्वांत अवघड औषध

सर्वांत अवघड औषध म्हणजे विश्रांती. मेलेल्या जंताचे तुकडे रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकतात. कुत्रा पळाला, उड्या मारल्या, की रक्ताचा जोर वाढतो आणि तेच तुकडे जीव घेऊ शकतात. म्हणून आखूड दोरी, लघवीपुरते बाहेर, जिना चढणे बंद, पाहुण्यांनी अंगावर घेणे बंद. गोळ्या सुरू झाल्यावर शेरूला बरे वाटू लागले आणि तो धाकट्याकडे बघून शेपटी हलवत दाराशी उभा राहू लागला. त्याला नाही म्हणणे पोराला फार जड गेले.

मी कार्यालयात वह्या लिहिणारा माणूस. एक वही त्याच्या हाती दिली. तारीख, गोळी, खाणे, खोकला आणि झोपेतले मिनिटाला श्वास. स्वस्थ झोपेत कुत्र्याचे श्वास मिनिटाला तीसच्या आत असावेत. रोज संध्याकाळी, मैदानाच्या वेळेला, तो घड्याळ घेऊन शेरूजवळ बसायचा. श्वास मोजून झाले की तिथेच अभ्यास करायचा.

फेब्रुवारीत एक चूक झाली. दार उघडे राहिले, मांजर दिसली आणि शेरू सुटला. रात्री खोकल्यातून रक्त पडले. धाकट्याने श्वास मोजले, अठ्ठेचाळीस. त्या आकड्यामुळेच आम्ही सकाळची वाट न बघता त्याला दवाखान्यात नेले. तीन दिवसांनी तो घरी आला. दार माझ्याकडून उघडे राहिले होते, हे मी सर्वांसमोर कबूल केले.

सहा महिन्यांनी चाचणीत रेघ उमटलीच. त्या दिवशी घरात कोणी फारसे बोलले नाही, पण संध्याकाळी वहीत नोंद झाली. वर्षाने, डिसेंबर २०२४ मध्ये, रेघ उमटली नाही. आणखी सहा महिन्यांनी पुन्हा तपासले, तेव्हाही नाही. महिन्याचे थेंब चालूच आहेत, कारण डास गेलेले नाहीत.

शेरू पूर्वीसारखा पळत नाही. फुप्फुसावरचे व्रण जात नाहीत. संध्याकाळी दोघे मैदानाला एक फेरी मारतात, चालत. मध्येच शेरू थांबला की धाकटाही थांबतो, आणि तो पुन्हा निघेपर्यंत दोरी ओढत नाही.

आपल्या कुत्र्याला महिन्यावर खोकला असेल, तो लवकर थकत असेल, तर हळदीवर वेळ घालवू नका. रक्त तपासून घ्या. आणि निदान झालेच, तर घाबरून त्याला सोडून देऊ नका. एक वही घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला एक काम द्या.