रेघेच्या आतली चरबी

"मी त बारीक आहो, मले कायची चरबी?" सीटी स्कॅनच्या टेबलावर आडवं होता होता काकांनी विचारलं. नागपुरात रामदासपेठेतल्या एका केंद्रात ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा कॅल्शियम स्कोअर काढायला आले होते. टेक्निशियनने छातीवर ईसीजीची स्टिकरं लावली, "काका, श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका" म्हणाला, आणि काही सेकंदांत आटोपलंही. इंजेक्शन नाही, किरणांची मात्रा साधारण 1 मिलिसिव्हर्ट. दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडतं, नेमका तो क्षण ईसीजीच्या आधाराने यंत्र टिपतं.

मेहनत खरी शेजारच्या खोलीत. रेडिओलॉजिस्ट मॅडम 3 मिलिमीटर जाडीचे काप एकेक करून पडद्यावर सरकवत होत्या. हृदयाचा स्नायू फिका करडा, फुप्फुसं काळीभोर, आणि दोहोंच्या मधे गडद करडी चरबी. त्या चरबीतून केसासारखी बारीक रेघ जाते. ते पेरिकार्डियम, हृदयाचं आवरण. रेघेच्या आतली चरबी मोजायची, बाहेरची सोडून द्यायची. गंमत अशी, की दोन्ही अंगांना चरबी असली तरच रेघ दिसते. उजवी कोरोनरी आर्टरी ज्या खाचेतून जाते, तिथे ती ठळक असते. डावीकडे चरबी विरळ होते आणि रेघ हरवते. मग मागचा-पुढचा काप पाहून, माउस अगदी हळू नेत तुटलेली टोकं जोडावी लागतात. फुप्फुसांकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी दुभंगते तिथून सुरुवात करायची आणि हृदयाच्या टोकाशी थांबायचं.

पुढचं संगणक करतो. घनतेच्या हाउन्सफील्ड मापात पाणी 0, हवा उणे 1000. चरबी धरतात उणे 190 ते उणे 30. रेघेच्या आतले या पट्ट्यातले ठिपके रंगले आणि काकांचा आकडा सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास आला.

ही चरबी थोडी असणं स्वाभाविकच आहे, ती स्नायूला इंधन पुरवते. पण तिच्यात आणि हृदयाच्या स्नायूत पडदा नाही, रक्तपुरवठाही दोघांचा एकच. ती वाढली की दाह वाढवणारी रसायनं थेट कोरोनरीच्या भिंतीपर्यंत पोचू शकतात. बारीक अंगकाठीवर भरवसा ठेवू नये, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःच्याच शरीरावरून दाखवलं. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे सहलेखक डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला गेला. बीएमआय दोघांचा 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2.

म्हणूनच मला राहून राहून वाटतं, की कॅल्शियमसाठी काढलेल्या याच चित्रांत चरबीचा हिशेब फुकट पडलेला असताना तो रिपोर्टात का येऊ नये? वेगळा स्कॅन नको, जादा किरण नकोत. लागतो तो रेघ ओढणाऱ्या माणसाचा वेळ, आणि तोच नेमका कमी असतो. सर्वांसाठी एकच ठरलेली मर्यादा अजून नाही, त्यामुळे एका आकड्यावरून काकांना घाबरवण्यात अर्थ नव्हता. मॅडमनी वरची हद्द, खालची हद्द आणि उणे 190 ते उणे 30 हा पट्टा आकड्याखाली टिपून ठेवला. पुढच्या वेळी कुणीही मोजलं तरी मोजणी याच हद्दीत व्हायला हवी, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच करता येणार नाही.