खिडक्यांचं घर

इंग्लंडमधल्या जुन्या दगडी घरांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. दगडी घर म्हटलं की जाड भिंती, बारीक झरोके आणि कोंदट अंधार डोळ्यांपुढे येतो. डर्बिशायरमधल्या हार्डविक हॉलसमोर मात्र आधी दिसते ती काच. भिंतीपेक्षा काचच जास्त, अशी या घराबद्दल तिकडे म्हण पडली आहे.

ते बांधलं बेस ऑफ हार्डविक या बाईंनी. 1590 मध्ये काम काढलं आणि 1597 मध्ये त्या राहायला आल्या. आराखडा वास्तुकार रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. सहा बुरुजांच्या माथ्यावर बाईंची आद्याक्षरं दगडात कोरलेली आहेत, कोसावरून वाचता यावीत एवढी मोठी. काच तेव्हा भारी महाग होती. श्रीमंती दाखवायची तर ती खिडक्यांतूनच.

पण भिंतीला एवढी भगदाडं पाडून घर उभं कसं राहिलं? इथे मी बराच वेळ रेंगाळलो. उत्तर आतल्या भिंतींत आहे. शेकोट्या आणि त्यांची धुराडी स्मिथसननं बाहेरच्या भिंतींतून काढून आतल्या भिंतींत नेली. बाहेरची भिंत तेवढी मोकळी झाली आणि दर्शनी बाजू खिडक्यांना मिळाली. तळमजला नोकरचाकरांचा, मधला घरच्यांचा, सगळ्यांत वरचा दरबारी पाहुण्यांचा. जसजसं वर जावं तसतशी खिडक्यांची उंची वाढत जाते. पाहुण्यानं रुंद दगडी जिना चढत थेट वरपर्यंत जायचं. या धिटाईला माझी मनापासून दाद आहे.

वरच्या लांब दालनाची लांबी सुमारे 50 मीटर. तिथे बायबलमधल्या गिडियनच्या कथेच्या 13 टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं, आहेत. बाईंनी त्या 1592 मध्ये सर ख्रिस्तोफर हॅटन यांच्या वारसाकडून घेतल्या. त्यांवर हॅटन घराण्याची चिन्हं होती, ती बदलावी लागणार म्हणून बाईंनी किमतीत 5 पौंडांची सूटही पदरात पाडून घेतली.

आणि जिच्यासाठी बांधकामाचा एवढा खटाटोप केला, ती खिडकीच आता या टॅपेस्ट्रींच्या मुळावर आली आहे. उजेड लोकरीचे आणि रेशमाचे रंग खातो, धागा ठिसूळ करतो. एकदा उडालेला रंग परत येत नाही. या 13 टॅपेस्ट्रींची डागडुजी 24 वर्षं चालली आणि 2023 मध्ये संपली. बाहेर भिंतींचा वालुकाश्मही झिजतो. ऊन, पाऊस आणि थंडीनं त्याचे पापुद्रे सुटतात आणि खराब झालेला दगड काढून तिथे नवा घडवून बसवावा लागतो. 1959 पासून घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. दगड बदलण्याचं हे काम तिच्यामागे कायमचं लागलेलं.

टॅपेस्ट्रींचे रंग उजेडापासून वाचावेत म्हणून आत पडदे ओढलेले असतात. कुणी म्हणेल, खिडक्यांचं घर बघायला आलो आणि खिडक्याच झाकलेल्या. पण ते पडदे तसेच राहू द्यावेत. तिथे गेलात तर काच बाहेरून, हिरवळीवर उभं राहून डोळे भरून बघा. आत मात्र अंधूक उजेडाची तक्रार करू नका.