आर्ट फेअरमधला एक स्टॉल आणि लाल ठिपका



आपल्या गप्पांमध्ये ऑकलंडच्या आर्ट फेअरचा विषय सहसा निघत नाही. घरांच्या किमती, व्याजदर, मुलांची शाळा कुठल्या झोनमध्ये आणि गणपतीला हॉल मिळाला का, यातच वीकेंड संपतो. शिवाय "आपल्याला त्यातलं काय कळतंय?" हे आपलं ठरलेलं वाक्य. मला सुद्धा फार कळतं असा दावा नाही. पण गेली काही वर्षं जाऊन जाऊन एक गोष्ट लक्षात आली. चित्र कळो न कळो, तो स्टॉल कसा चालतो ते आपल्यासारख्या माणसाला नक्की कळू शकतं, आणि ते कळलं की चित्रांकडे बघायची भीतीही निम्मी कमी होते.

आधी थोडी माहिती. हा मेळा २००५ साली 'ऑकलंड आर्ट फेअर' या नावाने सुरू झाला. सुरुवातीला तो दर दोन वर्षांनी भरायचा, पुढे दर वर्षी भरू लागला आणि २०२२ पासून त्याचं नाव 'आओतेआरोआ आर्ट फेअर' झालं. मधली काही वर्षं तो क्वीन्स व्हार्फवरच्या 'द क्लाउड' या लांबलचक पांढऱ्या इमारतीत भरत होता. २०२४ आणि २०२५ मध्ये व्हायाडक्ट इव्हेंट्स सेंटरला भरला. हे म्युझियम नव्हे, बाजार आहे. देशभरातल्या आणि थोड्या बाहेरच्या गॅलऱ्या तीन-चार दिवसांसाठी जागा भाड्याने घेतात, पांढऱ्या पार्टिशनच्या भिंती उभ्या करतात आणि माल मांडतात. 'माल' हा शब्द तिथे कोणी उच्चारत नाही, पण आहे तो मालच.

काही गॅलऱ्या एकाच कलाकाराचं काम लावतात. ते दिसायला छान, पण जोखमीचं. तो एक माणूस विकला गेला नाही तर भाडं, वाहतूक, विमा सगळं अंगावर. म्हणून बहुतेक गॅलऱ्या आपल्या सहा-आठ कलाकारांचं थोडं थोडं आणतात. मोठ्या भिंतीवर लांबून दिसणारं एक भव्य चित्र, बाजूला मध्यम आकाराची, आतल्या कोपऱ्यात छोटी, आणि मधल्या मोकळ्या जागेत शिल्पं. शिल्प मध्ये ठेवण्यामागे सौंदर्यदृष्टी असेलच, पण भिंतीचा एक फूटही वाया जात नाही हे कारणही आहे. आपल्या भाषेत हे सरळसरळ पोर्टफोलिओ डायव्हर्सिफिकेशन. एकदा हे कळलं की हे चित्र त्याच्या शेजारी का, असला गूढ विचार करत उभं राहावं लागत नाही.

उदाहरणादाखल गाउ लँग्सफर्ड ही गॅलरी घेऊ. जॉन गाउ आणि गॅरी लँग्सफर्ड यांनी १९८७ साली ऑकलंडमध्ये काढलेली. या मेळ्यातलं जुनं आणि वजनदार नाव. ही गॅलरी ज्यांचं काम दाखवत आली त्यातल्या चौघांची नावं एका दमात घेतली तरी मिश्र स्टॉल म्हणजे काय याची कल्पना येते. मॅक्स गिम्ब्लेट हे १९३५ साली ऑकलंडला जन्मलेले, न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले चित्रकार. त्यांच्या कॅनव्हासचा आकारच चार पाकळ्यांच्या फुलासारखा असतो, वर सोन्याचा वर्ख आणि एका फटक्यात मारलेला झेन पद्धतीचा फराटा. कार्ल मॉन फक्त बागा रंगवतात. ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं, उन्हाचे तुकडे, माणूस एकही नाही. मॉन यांच्यापाशी आपली मंडळी हमखास थांबतात, कारण "हे काय आहे" असा प्रश्नच पडत नाही. तिसरे जॉन पूले आणि चौथे शिल्पकार पॉल डिबल. या दोघांबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

पूले यांचा जन्म १९६२ साली निऊए बेटावर झाला. अगदी लहान असताना ते न्यूझीलंडला आले. म्हणजे आपल्यासारखेच परदेशी येऊन राहिलेले, फक्त निर्णय त्यांचा नव्हता. (आपल्या मुलांचाही नव्हता, हे जाता जाता.) ते कवी आणि कादंबरीकार सुद्धा आहेत. निऊएमध्ये झाडाची साल कुटून कापड करायची आणि त्यावर रंगकाम करायची कला होती, त्याला हिआपो म्हणतात. त्यात चौकटी, चौकटींत पानं, वेली, कधी अक्षरं आणि छोटी चित्रं. पूले यांनी तो साचा उचलून कॅनव्हासवर आणला आणि त्यात स्थलांतराच्या गोष्टी भरल्या. जवळ जाऊन बघितलं की मुंगीएवढी माणसं दिसतात, काही ओझी वाहताहेत, कुठे चर्च आहे, कुठे होडी.

मला तिथे हटकून वारली आठवते. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी लग्नाच्या चौकातली, भिंतीवरची चित्रकला कागदावर आणि कॅनव्हासवर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मूळ कला समाजाची, पण ती नव्या पृष्ठभागावर आणून स्वतःचं काही सांगणारा माणूस एक. फरक एवढाच की इथे पूले यांचं नाव, वर्ष, माध्यम भिंतीवर नीट लिहिलेलं असतं. आपण मात्र भारतातून येताना वारलीचे टी-कोस्टर आणतो आणि ते कोणी काढले हे ना आपल्याला माहीत असतं, ना दुकानदाराला.

आता डिबल. २०२३ च्या अखेरीस ते गेले. पामर्स्टन नॉर्थला त्यांची स्वतःची फाउंड्री होती, म्हणजे मातीकामापासून कांस्य ओतण्यापर्यंत सगळं घरचं. लंडनला हाइड पार्क कॉर्नरवर न्यूझीलंडचं युद्धस्मारक आहे, उतारावर तिरक्या उभ्या असलेल्या १६ कांस्य-स्तंभांचं. २००६ साली उभं राहिलेलं ते काम डिबल आणि आर्किटेक्ट जॉन हार्डविक-स्मिथ यांचं. लंडनला गेलात तर बसमधून सुद्धा दिसतं. डिबल यांच्या छोट्या शिल्पांत हुइया हा पक्षी वारंवार येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो नामशेष झाला. त्याची खात्रीशीर शेवटची नोंद १९०७ ची. जो पक्षी आता उडू शकत नाही तो जड धातूत ओतायचा, ही कल्पना मला फार आवडते.

कांस्यशिल्पाचं एक तांत्रिक अंग मात्र विकत घेणाऱ्याला माहीत हवं. पारंपरिक पद्धतीत मेणाची प्रत करून तिच्याभोवती साचा घालतात, तापवून मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत वितळलेलं कांस्य ओततात. मूळ साचा शिल्लक असेल तर पुन्हा प्रत काढता येते. म्हणून शिल्पावर २/५ असं काही कोरलेलं दिसतं, म्हणजे पाचातली दुसरी प्रत. पाचापेक्षा जास्त काढायच्या नाहीत हा शब्द कलाकाराने दिलेला असतो, किंमत त्या शब्दाची. आपल्याकडे अलिबागजवळ सासवण्याला विनायकराव करमरकरांच्या घरातच त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. पुण्याचा १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे तेच. सुट्टीत अलिबागला जाऊन नुसते मासे खाऊन परत येणाऱ्यांनी तिकडे एक तास काढावा.

मेळ्यात मुंबईही भेटते, जरा अनपेक्षितपणे. अरीझ काटकी हे मुंबईत जन्मलेले, पारशी कुटुंबातले, ऑकलंडमध्ये घडलेले कलाकार. टिम मेलव्हिल गॅलरीने त्यांचं काम मांडलेलं आहे. त्यांचं मुख्य माध्यम भरतकाम, तेही घरातल्या बायकांकडून शिकलेलं. रुमालासारख्या साध्या कापडावर सुईदोऱ्याने काढलेली चित्रं. आपल्या आज्या-मावश्यांनी टेबलक्लॉथवर काढलेले मोर आठवा. काटकींचं काम त्याच घराण्यातलं, फक्त ते भिंतीवर गेलं आणि त्याला किंमत लागली.

आणि किंमत म्हटली की लाल ठिपका. चित्राशेजारच्या पट्टीवर छोटं लाल स्टिकर लागलं की ते विकलं गेलं. उद्घाटनाच्या संध्याकाळी हे ठिपके भराभर लागतात, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे एक प्रकारची घाई सुटते, सेलच्या वेळी सुटते तशी. पण त्या ठिपक्यांमध्ये दोन जाती असतात आणि दिसायला त्या अगदी सारख्या.

पहिल्या जातीत चित्र थेट कलाकाराच्या स्टुडिओतून आलेलं असतं. विकलं गेलं की पैसे गॅलरी आणि कलाकार यांच्यात, ढोबळमानाने निम्मे-निम्मे, वाटले जातात. निम्मे ऐकून आपण दचकतो, पण त्यात भाडं, फ्रेमिंग, विमा, कर्मचारी आणि विकलं न जाणाऱ्या आठवड्यांचा खर्च असतो. दुसऱ्या जातीत चित्र एखाद्या संग्राहकाचं असतं, गॅलरी ते पुन्हा विकून देते. कॉलिन मकॅहन (१९१९–१९८७) या इथल्या सर्वांत मोठ्या मानल्या गेलेल्या चित्रकाराचं काम तुम्हाला स्टॉलवर दिसलं तर ते याच जातीचं. हयातीत त्यांनी ऑकलंडच्या कला संग्रहालयात नोकरी केली, मग कॉलेजात शिकवलं आणि १९७१ मध्ये पन्नाशी उलटल्यावर पूर्णवेळ चित्रकार झाले. नंतर वाढलेल्या किमतींचा त्यांना काय उपयोग?

आपल्या गायतोंड्यांचं तेच. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपूरला जन्मले, जे. जे.त शिकले आणि दिल्लीत निजामुद्दीनच्या एका बरसातीत अगदी कमी गरजांत राहून २००१ साली गेले. २०२२ मध्ये त्यांचं एक चित्र लिलावात ४२ कोटींना गेलं, २०२५ मध्ये दुसरं ६७ कोटींच्या वर. बातमी वाचून आपली छाती फुगते. पण त्या कोटींमधला रुपया सुद्धा चित्र काढणाऱ्या हातापर्यंत पोचलेला नाही.

न्यूझीलंडने याबाबत अलीकडे एक पाऊल टाकलं. २०२३ मध्ये कायदा झाला आणि १ डिसेंबर २०२४ पासून तो लागू आहे. गॅलरी किंवा लिलावगृहामार्फत चित्र-शिल्प पुन्हा विकलं गेलं आणि किंमत २,००० डॉलर किंवा जास्त असेल, तर ५ टक्के रक्कम कलाकाराला, आणि तो हयात नसेल तर ठराविक वर्षांपर्यंत वारसांना. सरकारला एकदम कलेचा उमाळा आला असं नाही, ब्रिटन आणि युरोपियन युनियनबरोबरच्या व्यापार करारांतली ती अटही होती. गंमत म्हणजे भारताच्या कॉपीराइट कायद्यात असं कलम, ५३-अ, १९९४ च्या दुरुस्तीपासून आहे. दहा हजार रुपयांवरच्या पुनर्विक्रीत कलाकाराचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. कागदावर आपण तीस वर्षं पुढे होतो, व्यवहारात मात्र त्याचं फारसं काही झालं नाही.

५ टक्के म्हणजे फार नव्हे. दहा हजारांच्या चित्रावर पाचशे डॉलर, त्यातून वसुली करणाऱ्या संस्थेचा खर्च वजा. म्हणून माझ्या मते खरा फरक पहिल्या विक्रीतच पडतो, आणि ती विक्री कोण करतं? आपल्यापैकी बऱ्याच जणांनी इथे चार बेडरूमची घरं घेतली, पंच्याहत्तर इंची टीव्ही घेतले, आणि भिंतीवर फर्निचरच्या दुकानातून आणलेला पॅरिसच्या पुलाचा प्रिंट लावला. प्रिंट लावू नका असं म्हणत नाही. पण त्याच प्रिंटला दोन-तीनशे डॉलर मोजताना आपण जितके निर्धास्त असतो, तितकेच गॅलरीत पाऊल टाकताना घाबरलेले असतो, हे काही पटत नाही.

घाबरायचं कारण नाही हे अनुभवाने सांगतो. स्टॉलवरच्या मंडळींना किंमत विचारलेली आवडते, त्यासाठीच ती दिवसभर उभी असतात. पट्टीवर किंमत नसली तर यादी मागायची. "हे थेट कलाकाराकडून आलंय का?" हे विचारायचं, सरळ उत्तर मिळतं. शिल्प असेल तर कितीपैकी कितवी प्रत, आणि बाकीच्या कुठे आहेत. छोटी कामं आहेत का हेही विचारायचं, कारण आतल्या कपाटात कागदावरची रेखाटनं असतात आणि ती भिंतीवरच्या चित्रांच्या मानाने बरीच स्वस्त पडतात. हप्त्यांची सोयही पुष्कळ ठिकाणी करून देतात.

उद्घाटनाच्या संध्याकाळी गर्दीत चित्रांपेक्षा वाइनचे ग्लास जास्त दिसतात, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दारं उघडता उघडता गेलं की निवांत बघता येतं. ब्रिटोमार्टला उतरून व्हायाडक्टपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालायचं, मुलं बरोबर असतील तर वाटेत आइस्क्रीमचा थांबा धरून अर्धा तास.