न दिसणारी साखर मोजताना

सेटुक्सिमॅब हे कर्करोगावरचं इंजेक्शन. अमेरिकेत टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनात मात्र ते घेताच अनेकांना गंभीर अ‍ॅलर्जी होऊ लागली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७६ पैकी २५ रुग्णांना हा त्रास झाला होता. त्यांतल्या १७ जणांच्या रक्तात औषध टोचण्याआधीच त्याविरुद्धची प्रतिपिंडं होती! या प्रतिपिंडांचा रोख होता औषधाच्या प्रथिनाला चिकटलेल्या ‘अल्फा-गॅल’ या शर्करेवर. हे औषध उंदराच्या पेशींत बनतं आणि त्या पेशी अशी शर्करा जोडतात. माणसाच्या पेशी जोडत नाहीत. प्रतिपिंडांचं मूळ पुढे गोचिडीच्या चाव्यात सापडलं.

मग औषधातल्या अशा शर्करा मोजायच्या कशा? अडचण अशी, की शर्करा अतिनील प्रकाश फारसा शोषत नाही आणि स्वतः चमकतही नाही. उपकरणाला ती जवळजवळ दिसतच नाही.

म्हणून तिला चमकणारी शेपटी लावतात. ओसाका विद्यापीठाच्या सुमिहिरो हासे आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये त्यासाठी अमिनोपिरिडीन वापरलं. आज टू-एबी हे रसायन प्रचलित आहे. आधी एका एन्झाइमने शर्करेची साखळी प्रथिनापासून तोडायची, मग तिच्या मोकळ्या टोकाला ६५ अंशांवर दोन-तीन तास टू-एबी जोडायचं. (चहातल्या साखरेवर ही युक्ती चालत नाही, तिची दोन्ही टोकं एकमेकांत अडकलेली असतात. दुधातल्या लॅक्टोजवर चालते.)

खरी गंमत पुढे आहे. साखळी कितीही लांब असो, शेपटी एकच. त्यामुळे चमक साखळीची लांबी नव्हे, रेणूंची संख्या सांगते.

हे मिश्रण द्रव क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून सोडतात. पाण्याची ओढ जास्त असलेल्या मोठ्या साखळ्या आत रेंगाळतात, लहान आधी बाहेर पडतात. तिथे ३३० नॅनोमीटरच्या प्रकाशाने त्या ४२० च्या आसपास निळसर चमकतात. फेम्टोमोल इतकं प्रमाणही टिपता येतं. ग्लुकोजच्या बाबतीत ते एका ग्रॅमच्या साडेपाच लाख कोटी भागांपैकी एक भाग. तरी त्यात रेणू साठ कोटी!

या चमकेच्या आलेखावरचं एखादं शिखर अल्फा-गॅलचंच कशावरून? नमुन्यात हिरव्या कॉफीबियांतलं एक एन्झाइम घालतात. ते साखळीच्या टोकाचा अल्फा जोडणीचा गॅलॅक्टोज, म्हणजे अल्फा-गॅलची खूण, तेवढा कापतं. नमुना पुन्हा नळीतून सोडला, की अल्फा-गॅलचं शिखर जागेवरून हललेलं असतं.