डोळे मिटल्यावर काय दिसते?

आमच्या धाकटीला यंदा एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेस बसविले. वस्तुचित्रात तिचा हात चांगला. परंतु स्मरणचित्राचा सराव निघाला की स्वारी कोऱ्या कागदाकडे पाहात बसायची. विषय कोणता, तर 'पोळा'! अहमदपुरात वाढलेल्या मुलीला बैल आठवू नये? "डोळे मीट आणि दिसेल ते काढ," मी दरडावले. ती म्हणाली, "बाबा, डोळे मिटले की मला अंधारच दिसतो." मला तो कामचुकारपणा वाटला आणि मी नको इतका रागावलो.

मी मराठीचा मास्तर. बालकवींची 'औदुंबर' शिकविताना सबंध वर्गाला डोळे मिटावयास लावणारा. कुणाला काहीच दिसत नसेल, ही शंका मला कधी शिवली नाही. अखेर मानसशास्त्र शिकविणाऱ्या एका मित्राने माझे कान टोचले.

फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० साली हीच चौकशी प्रसिद्ध केली होती. सकाळी ज्या टेबलावर न्याहारी केली ते मनात आणा. रंग दिसतात का, उजेड कसा आहे? अनेक शास्त्रज्ञांनी त्यांना कळविले की, 'मनातले चित्र' ही नुसती बोलण्याची रीत आहे! पुढे १९७३ साली डेव्हिड मार्क्स यांनी १६ प्रश्नांची सूची तयार केली. जिवलगाचा चेहरा, उगवता सूर्य, नेहमीचे दुकान, तळ्याकाठचा देखावा. प्रत्येक चित्र किती स्पष्ट, ते पाच पायऱ्यांवर सांगायचे. ज्यांना काहीच दिसत नाही त्यांच्या स्थितीला ॲडम झेमन यांनी २०१५ साली 'अफँटेशिया' हे नाव दिले. तो रोग मानीत नाहीत.

एका रात्री वीज गेली असता मी हे प्रश्न घरात विचारले. सौभाग्यवतींना त्यांच्या आईच्या नथीतला मोतीसुद्धा दिसला. धाकटी मात्र हळूच म्हणाली, "मला आजी दिसत नाही. ती कशी होती ते फक्त माहीत आहे." यावर मला काही बोलता येईना.

मग अशा मुलीने चित्रकलेचा नाद सोडावा काय? सर्जनशीलता मोजण्याची मापे निराळी आहेत. टॉरन्स यांच्या १९६६ च्या चाचणीत अर्धवट रेघा देऊन चित्र पुरे करावयास सांगतात. कल्पना किती, किती तऱ्हांच्या, किती अनोख्या आणि किती तपशिलाच्या, हे पाहतात. मार्क्स यांनीच एका सहकाऱ्यासह २००३ साली जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मनातल्या चित्राची स्पष्टता आणि अशा चाचणीतील यश यांचा संबंध अगदी थोडा, सुमारे ३ टक्क्यांच्या फरकाचाच निघाला. 'द लिटल मरमेड' या १९८९ च्या चित्रपटातील जलकन्या रेखाटणारे ग्लेन कीन यांनाही मनात चित्र दिसत नाही. ते कागदावर रेघोट्या मारीत मारीत शोधतात म्हणे.

आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांना यातले काहीच ठाऊक नव्हते. पण उपाय त्यांनीच काढला. "आठवू नकोस, रेघ ओढ," असे सांगून त्यांनी तिला आठवडाभर जनावरांच्या बाजारात नि शेतात वही घेऊन धाडले. बैलाचा खांदा कुठे उंच होतो, मान वळली की झूल कुठे दुमडते, हे तिने हाताला पाठ करविले.

निकाल अजून लागावयाचा आहे. सरावाचा पोळा मात्र मी माझ्या टेबलापुढे लावला आहे. त्यातला एक बैल चिखल टाळण्यासाठी मागचा पाय उचलतो आहे. तेवढे मला कधी दिसले नव्हते.