हिरडीचे कलम : कसे आणि कशाचे?

थंड पाण्याचा घोट घेताच एखाद्या दाताच्या कडेला तीव्र कळ उठत असेल, तर आरशासमोर ओठ थोडा उचलून पाहावा. शेजारच्या दातांहून तो दात लांब दिसू लागला असेल, तर वाढलेला दात नसतो, हिरडी मुळाकडे सरकलेली असते. मुळावर इनॅमलचे कवच नसते. म्हणूनच तेथे थंड आणि आंबट पदार्थ झोंबतात व कीडही लवकर लागते.

कडक ब्रशने आडवे, जोर लावून घासणे, साचलेले कीटण, मिश्रीची सवय, जन्मतःच पातळ असलेली हिरडी ही त्याची नेहमीची कारणे. एकदा सरकलेली हिरडी मालिशने किंवा मंजनाने परत वर येत नाही. तथापि प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. मूळ अधिकाधिक उघडे पडत असेल, कळ सोसवत नसेल किंवा हसताना दिसणारे दात खटकत असतील, तरच तिचा विचार करावा.

हिरडी जाड असेल, तर ती सैल करून मुळावर ओढून घेणे व टाके घालणे कधी कधी पुरते. पातळ हिरडीला मात्र आधार लागतो. त्यासाठी टाळूच्या वरच्या थराखालून संयोजी ऊतकाची पातळ पट्टी काढून ती हिरडीखाली सरकवतात. लँगर व लँगर यांनी १९८५ साली वर्णिलेली ही पद्धत आजही इतर पद्धतींची कसोटी मानली जाते. टाळूचा वरचा थरच काढून लावण्याची जुनी पद्धत खालच्या पुढच्या दातांजवळ हिरडी जाड करण्यास उपयोगी पडते. पण त्या कलमाचा रंग फिका राहतो आणि टाळू काही दिवस पोळल्यासारखा दुखतो. त्याच १९८५ साली मिलर यांनी केलेले वर्गीकरण रुग्णानेही समजून घ्यावे असे आहे : दोन दातांमधले हाड व हिरडी शाबूत असेल तर संपूर्ण मूळ झाकले जाण्याची आशा धरता येते, पायरियाने ते झिजले असेल तर नाही.

अमेरिकेतील डॉ. जॉन चाओ यांची 'पिनहोल' पद्धत अलीकडे बरीच ऐकू येते. एका बारीक छिद्रातून हिरडी सैल करून खाली घेतात व आत कोलॅजनच्या पट्ट्या भरतात. टाळूला हात लागत नाही, हे खरे. परंतु ते कोलॅजन कशाचे?

हा प्रश्न आपल्या वाचकांनी संकोच न करता विचारावा. दंतवैद्यकातील कोलॅजनचे पडदे बहुधा डुकराच्या वा गाईबैलांच्या ऊतकांपासून बनतात. मुळावर लावायचे एक प्रसिद्ध जेल डुकराच्या वाढत्या दातांतून मिळवतात. कॅटगटचा धागा जनावरांच्या आतड्यांचा असतो. कॅप्सूलचे आवरणही बहुधा जिलेटिनचे असते. संमतिपत्रावर 'मेम्ब्रेन' एवढाच शब्द असेल, तर त्यावरून काहीच कळत नाही.

सुदैवाने येथे व्रत आणि वैद्यक यांचा विरोध नाही. सर्वांत भरवशाचे कलम आपल्याच टाळूचे आहे. स्वतःचे रक्त यंत्रात फिरवून त्यापासून बनवलेला फायब्रिनचा पडदाही वापरता येतो. मात्र टाळूच्या कलमाइतकी जाडी त्यातून मिळेलच असे नाही. टाके कृत्रिम धाग्याचे घालता येतात, औषधेही गोळ्यांच्या रूपात मागता येतात. टाळूची जखम चार दिवस दुखेल. माझ्या मते ती किंमत मोठी नाही.

शस्त्रक्रियेची तारीख पर्युषण वा दशलक्षण पर्वात घेऊ नये. वेदनाशामक गोळ्या अन्नासोबत घ्याव्या लागतात, आणि सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगितले तर मात्रांच्या वेळा तशा बसवता येतात. सुमारे दोन आठवडे त्या जागी ब्रश लावायचा नसतो. डॉक्टरांनी दिलेल्या औषधी द्रवाने चूळ भरायची आणि मऊ, कोमट अन्न दुसऱ्या बाजूने चावायचे. आणि एक : सुरुवातीला ज्या उत्सुकतेने ओठ उचलून पाहिला, ती आता आवरावी. ओठ ओढला की टाके ताणले जातात, आणि नव्याने बसू पाहणारे कलम जागचे हलते.